यात्रेचे पैसे

भैरवनाथाची चैत्रातली यात्रा उरकली. पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या नोटा थोरलीनं आज मोजल्या: 1,340. एका दहाच्या नोटेला अजून गुलाल. वय चौदा. "बाबा, शेअरमध्ये टाकू का?"

मी जरा गप्पच झालो. तिच्या वयाचा असताना माझी बोरं विकून जमलेली पुंजी आबांनी जादा व्याजाच्या आशेनं एका पतसंस्थेत ठेवली. बुडाली. पासबुक अजून ट्रंकेत आहे. पण त्या धास्तीपायी पोरीचे पैसे उशीखालीच कुजवायचे? तेही पटेना.

अठराच्या आत डीमॅट चालवायचं ते पालकानंच, म्हणजे शिकायचं मी. पोस्टात मात्र दहा वर्षं पूर्ण झालेलं पोर स्वतःच्या सहीनं खातं उघडतं. आवर्ती ठेव महिना शंभरापासून, पाच वर्षांची. 6.7 टक्क्यांनी 6,000 चे 7,100 च्या आसपास.

"एवढेच?" तिनं नाक मुरडलं. खरं सांगायचं तर मलाही कमीच वाटले. दोनशे बांगड्यांना बाजूला काढलेत, ते हिशेबात धरायचे नाहीत म्हणे.

सोमवारी परंड्याला पोस्टात जायचं ठरलंय. आत्ता कालनिर्णयच्या पाठीमागं सही गिरवत बसलीय. सातवी सही चालू आहे, एकीसारखी दुसरी नाही.