सोडियमचा एक अणू, पाण्याचे चार रेणू

माझं विज्ञान दहावीलाच सुटलं. त्यामुळे जर्मनीत संशोधन करणारी भाची "मावशी, आम्ही पुंजक्यातले पाण्याचे रेणू मोजतो" म्हणाली, तेव्हा कशाने मोजतात हेच मला सुचेना. तिने एक आलेख पाठवला. सुयांसारखी शिखरं, खाली वस्तुमानाचे आकडे. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

मग फोनवर शिकवणी. पाण्याची वाफ बारीक भोकातून निर्वातात सोडतात. ती गारठते आणि रेणू चिकटून पुंजके होतात, लहानमोठे. त्यांचं वस्तुमान मोजायचं तर एक इलेक्ट्रॉन काढून त्यांना विद्युतभार द्यावा लागतो. हेच आयनीभवन. पाण्याच्या रेणूला त्यासाठी १२.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, आणि एवढ्या दणक्याने पुंजका फुटतो. जे मोजायचं तेच हातात राहत नाही!

म्हणून पुंजके सोडियमच्या विरळ वाफेतून नेतात, एकेकाला एकेक अणू चिकटावा म्हणून. शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर उडालेला भडका मला आठवला. "अगं, इथे एकच अणू आहे," ती म्हणाली. पाणी त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल करतं आणि ३५५ नॅनोमीटरचा अतिनील लेसर तो काढून घेतो.

तिने प्रकाशाच्या ऊर्जेचं सूत्र दिलं: १२४० भागिले तरंगलांबी. उत्तर आलं ३.४९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. पण पुस्तकात सोडियमच्या अणूला ५.१४ लागतात! म्हणजे हा प्रकाश ना सुट्या पाण्याला पुरतो, ना सुट्या सोडियमला. मग दोघं एकत्र आल्यावर कसा पुरतो?

उत्तर आलेखातच होतं. सोडियम २३, पाणी १८. मी पेन्सिलीने बेरजा मांडल्या: ४१, तिथे काही नाही. ५९, तिथेही नाही. पहिलं ठळक शिखर ९५ला, म्हणजे पाण्याचे चार रेणू. एका रेणूच्या सोबतीने सोडियमची गरज ४.३८वर येते, दोघांच्या ३.८वर, तिघांच्या ३.४८वर, म्हणजे अगदी काठावर. चौघांच्या सोबतीने ३.१७. नंतर कितीही पाणी येवो, आकडा तिथेच राहतो. हर्टेल यांच्या गटाने १९९१ साली हे दाखवलं. एकाच मंद प्रकाशात पुढचे सगळे पुंजके न फुटता मोजता येतात ते यामुळेच. ११३, १३१, १४९... आता मला शिखरं वाचता येऊ लागली.

ग्योटिंगेनच्या बुक आणि झॉइख यांनी सहकाऱ्यांसह २०१२मध्ये याच युक्तीला अवरक्त प्रकाशाची जोड देऊन पाण्याचा बर्फ कुठे सुरू होतो ते शोधलं. साधारण २७५ रेणू जमले की पुंजक्याच्या आत स्फटिकाची रचना त्यांना दिसू लागली.  बर्फाला एवढी माणसं लागतात हे मला फार आवडलं.

आता अमोनियाचा आलेख मागवला आहे. तिथे पायरी १७ची, आणि भाची सांगते की सोडियमची गरज चारला थांबत नाही. रेणू वाढतील तशी १.४च्या दिशेने उतरत राहते. का, ते रविवारच्या फोनवर विचारायचं आहे.