चित्रात नसलेला सेनापती

१.
मित्रहो, आजचा हा धागा एका चित्राविषयी आहे, आणि थोडासा माझ्या वडिलांविषयीही. चित्राचे नाव ‘लॉर्ड कॉर्नवॉलिसची शरणागती’. चित्रकार जॉन ट्रम्बुल. अमेरिकेच्या संसदभवनात, घुमटाखालच्या गोल दालनात ते लावलेले आहे. उंची १२ फूट, रुंदी १८ फूट. प्रसंग १९ ऑक्टोबर १७८१ चा, स्थळ व्हर्जिनियातील यॉर्कटाउन. एका जुन्या पुस्तकात मी ते पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मधल्या पांढऱ्या घोड्यावरचा स्वार म्हणजे वॉशिंग्टन आणि त्याच्यासमोर पायी उभा असलेला इंग्रज अधिकारी म्हणजे कॉर्नवॉलिस, असे मी खुशाल धरून चाललो होतो. माझे दोन्ही अंदाज चुकले होते.

२.
पांढऱ्या घोड्यावर आहे जनरल बेंजामिन लिंकन, वॉशिंग्टनचा दुय्यम सेनापती. स्वतः वॉशिंग्टन उजवीकडे, अमेरिकन निशाणाजवळ, तपकिरी घोड्यावर काहीसा मागे थांबलेला आहे. डावीकडे बूर्बों राजघराण्याच्या पांढऱ्या निशाणाखाली फ्रेंच अधिकारी आहेत आणि त्यांचा सेनापती रोशाम्बोही तेथेच आहे. मग ज्याचे नाव चित्राला दिले आहे, तो कॉर्नवॉलिस कोठे आहे? तो या चित्रात नाहीच. त्या दिवशी तो मैदानातही आला नव्हता.

३.
आधी वेढ्याची हकिकत सांगतो. १७८१ च्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलिसने यॉर्क नदीच्या काठी तळ दिला. पाठीशी खोल पाणी होते आणि त्या पाण्यावर इंग्रजी आरमाराची सत्ता होती, म्हणजे रसद आणि कुमक दोन्हींची खात्री. हे गणित ५ सप्टेंबरला मोडले. द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने चेसापीकच्या मुखाशी इंग्रजी जहाजांना रोखले आणि ती न्यूयॉर्कला परतली. ज्या समुद्राच्या भरवशावर तळ उभा होता, तोच समुद्र आता वेढ्याची चौथी भिंत झाला.

४.
२८ सप्टेंबरला वॉशिंग्टन आणि रोशाम्बो १६ हजारांहून अधिक फौजेनिशी यॉर्कटाउनवर चालून आले. पुढचे काम तलवारीपेक्षा कुदळीचे होते. ६ ऑक्टोबरच्या रात्री तटबंदीला समांतर असा पहिला खंदक खणला गेला. ९ तारखेला तोफा सुरू झाल्या. ११ तारखेला त्याहून जवळचा दुसरा खंदक सुरू झाला. त्याच्या वाटेत इंग्रजांचे दोन मातीचे बुरूज आड येत होते. १४ च्या रात्री एक फ्रेंचांनी आणि दुसरा अलेक्झांडर हॅमिल्टनच्या तुकडीने संगिनींच्या बळावर घेतला. १६ च्या रात्री कॉर्नवॉलिसने नदी ओलांडून निसटण्याचा प्रयत्न केला, तो वादळाने हाणून पाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तटावर एक नगारची पोऱ्या दिसला आणि त्याच्यामागून पांढरा रुमाल हलवणारा एक अधिकारी आला.

५.
आता तहाच्या कलमांकडे वळू. त्या काळी शौर्याने लढलेल्या शिबंदीला मानाने बाहेर पडू देण्याची रीत होती. निशाणे फडकवीत, वाद्ये वाजवीत, शस्त्रांसह निघायचे. ही रीत आपल्याला परकी नाही. मे १७३९ मध्ये वसई घेतल्यावर चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांना असेच मानाने जाऊ दिले होते. यॉर्कटाउनला मात्र हा मान नाकारण्यात आला. सतरा महिन्यांपूर्वी, मे १७८० मध्ये, चार्ल्सटन शहर इंग्रजांनी घेतले, तेव्हा त्यांनी अमेरिकनांना निशाणे गुंडाळून बाहेर पडायला लावले होते. आता तीच अट उलटी फिरली. चार्ल्सटनला शरण गेलेला सेनापती कोण होता? तोच, चित्राच्या मधोमध पांढऱ्या घोड्यावर बसलेला बेंजामिन लिंकन.

६.
१९ ऑक्टोबरला दुपारी इंग्रज फौज बाहेर पडली. प्रकृती ठीक नसल्याचे कारण सांगून कॉर्नवॉलिसने आपल्या जागी ब्रिगेडियर चार्ल्स ओ’हारा याला पाठवले. ओ’हारा प्रथम रोशाम्बोकडे वळला. रोशाम्बोने वॉशिंग्टनकडे बोट दाखवले आणि वॉशिंग्टनने त्याला लिंकनकडे धाडले. सेनापती स्वतः आला नाही, तर शरणागतीही आमचा दुय्यमच घेईल, हा त्यामागचा अर्थ. त्या दिवशी सात हजारांहून अधिक माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. आणि दैवदुर्विलास असा, की कॉर्नवॉलिसच्या सुटकेसाठीचे आरमार न्यूयॉर्कहून निघाले तेही त्याच १९ तारखेला.

७.
येथे मला थांबावे लागते, कारण ओ’हाराच्या जागी मी एकदा उभा राहिलो आहे. आमचा मिरजेला छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, गणेशोत्सवाचे अहवाल, क्वचित एखादा कवितासंग्रह असे काम चाले. एक ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या पेट्या एवढेच आमचे भांडवल. संगणकावरची छपाई आली, गिऱ्हाईक आटत गेले आणि कर्ज मात्र वाढत गेले. शेवटी जागा यंत्रासकट विकायची ठरली. ताबा देण्याच्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, “अंगात कणकण आहे रे. तू जाऊन किल्ल्या देऊन ये.” मी तेव्हा १९ वर्षांचा होतो.

८.
मी गेलो. शटर उघडले, दिवे लावून दाखवले आणि कागदावर सही केली. किल्ल्यांचा जुडगा घेताना नव्या मालकांनी सौजन्याने विचारले, “बाबा कसे आहेत?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. परत आलो तर वडील पडवीत बसले होते. मी मुद्दाम त्यांच्या हाताला हात लावून पाहिला. हात थंड होता. त्या दिवशी मनात एक शब्द उमटला, भित्रा. तो मी कधी उच्चारला नाही, पण पुसलाही नाही. पुढे यॉर्कटाउनची हकिकत वाचली तेव्हा कॉर्नवॉलिसलाही तोच शब्द लावून मी मोकळा झालो.

९.
आता चित्रकाराविषयी. ट्रम्बुल हा कनेक्टिकटच्या गव्हर्नरचा मुलगा. लहानपणी अपघाताने त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. १७७५ मध्ये तो काही काळ वॉशिंग्टनच्या पदरी होता. १७७७ मध्ये त्याने सैन्य सोडले. पुढे बेंजामिन वेस्टकडे चित्रकला शिकायला तो लंडनला गेला आणि १७८० मध्ये तेथे संशयावरून कैदेतही पडला. यॉर्कटाउनच्या मैदानात तो नव्हता. त्याचा भाऊ जोनाथन, वॉशिंग्टनचा चिटणीस, मात्र तेथे होता आणि चित्रात उजवीकडच्या अधिकाऱ्यांमध्ये तो आहे.

१०.
तरीही ट्रम्बुलने कल्पनेवर भिस्त ठेवली नाही. १७८७ मध्ये पॅरिसला थॉमस जेफरसन यांच्या घरी राहून त्याने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या मुद्रा समोर बसवून रंगवल्या. १७९१ मध्ये यॉर्कटाउनला जाऊन जागेची रेखाटने केली. १८१७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याला चार मोठी चित्रे सांगितली, त्यांतील हे एक १८२० मध्ये पूर्ण झाले आणि १८२६ मध्ये दालनात लागले. चेहऱ्यांबाबत इतकी काटेकोर निष्ठा बाळगणाऱ्या या माणसाने चित्राच्या मध्यभागी विजेता सेनापती बसवला नाही आणि पराभूत सेनापतीही बसवला नाही. मध्यभागी आहेत ते दोन दुय्यम. ही गोष्ट मला त्याच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते.

११.
पण प्रामाणिक चित्रातही गाळलेली माणसे असतात. स्वातंत्र्याच्या आशेने हजारो कृष्णवर्णीय गुलाम इंग्रजांच्या आश्रयाला आले होते. वेढ्यात अन्न संपत आले आणि देवीची साथ पसरली, तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांतील अनेकांना तटाबाहेर हाकलले. दोन्ही फौजांच्या मधल्या रानात कित्येक जण मेले. जे वाचले, त्यांना तहानंतर जुन्या मालकांनी परत ताब्यात घ्यावे अशी मुभा मिळाली. स्वातंत्र्ययुद्धाच्या या विजयचित्रात त्यांच्यासाठी इंचभर जागा नाही. कॉर्नवॉलिसवर डाग लावायचाच, तर तो मैदानात न आल्याचा लावावा की याचा, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

१२.
गोष्ट येथे संपत नाही. आता ती आपल्या अंगणात येते. पाच वर्षांनी, १७८६ मध्ये, हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी, निजाम आणि पेशवे एकत्र आले. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचला खरा, पण रसद संपली, बैल पटापट मेले आणि वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच फोडून त्याला माघार घ्यावी लागली. त्या उपाशी फौजेला वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी सैन्य भेटले. त्यांच्या लष्करी बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सारे काही मिळत होते. यॉर्कटाउनला जी कुमक वेळेवर पोहोचली नाही, ती येथे मराठ्यांच्या बाजाराने पोहोचवली.

१३.
फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणाला पुन्हा वेढा पडला आणि टिपूने तह केला. निम्मे राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये आणि अटींची पूर्तता होईपर्यंत दोन मुलगे ओलीस. अब्दुल खालिक दहा वर्षांचा होता आणि मुइझुद्दीन आठ वर्षांचा. २६ फेब्रुवारीला ती मुले इंग्रजांच्या छावणीत आली. हा प्रसंग अनेक चित्रकारांनी रंगवला. रॉबर्ट होम हा चित्रकार स्वतः मोहिमेत होता आणि त्याचे चित्र आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. मॅदर ब्राउन याने तर हिंदुस्थानात पाऊलही न टाकता तो रंगवला. तो जन्माने बॉस्टनचा, आणि ट्रम्बुलप्रमाणेच वेस्टच्या हाताखाली शिकलेला.

१४.
दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. यॉर्कटाउनच्या चित्रात हरलेला कॉर्नवॉलिस नाही. श्रीरंगपट्टणच्या चित्रात तो आहे, मध्यभागी, वडीलधाऱ्याच्या थाटात मुलांचे स्वागत करणारा. आणि येथे नाही तो हरलेला टिपू. त्याच्या जागी वकील गुलाम अली आहे आणि दोन लहान मुले आहेत. यॉर्कटाउनची भरपाई कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणात केली, असे इंग्रजी वाचकांना वाटले असणार. मी मात्र मुलांकडे पाहत राहिलो. ती १७९४ मध्ये बापाकडे परतली. परतल्यावर त्यांनी बापाला काय विचारले असेल?

१५.
इतकी वर्षे मी स्वतःला ओ’हारा समजत होतो. हे दुसरे चित्र पाहिल्यावर वाटले, आपण त्या मुलांच्या रांगेतले. टिपूला कोणी भित्रा म्हणत नाही. सात वर्षांनी, ४ मे १७९९ रोजी, त्याच तटावर लढताना तो मारला गेला. कॉर्नवॉलिसवरही लढाईत मागे राहण्याचा आरोप टिकत नाही. मग शस्त्रे ठेवण्याच्या क्षणी माणूस दुसऱ्याला का पाठवतो? मरणाला न भिणाऱ्यालाही एका विशिष्ट जागी, विशिष्ट माणसांसमोर उभे राहवत नाही, एवढेच याचे उत्तर असू शकते. त्याची किंमत मात्र जो पाठवला जातो, तो मोजतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतील एक सांगताना दुसरी लपवू नये.

१६.
वडील गेल्यानंतर एकदा आईने सहज सांगितले. ताबा देण्याच्या आदल्या रात्री ते घरी नव्हते, छापखान्यात होते. अर्धवट जुळवलेला सारा मजकूर त्यांनी सोडवला आणि एकेक खिळा पुसून आपापल्या खणात परत टाकला. पहाटे चारला घरी आले. नव्या मालकाला ते खिळे कामाचे नव्हते आणि शिसे म्हणून ते किलोवर जाणार होते, हे वडिलांना ठाऊक होते. मी त्या सकाळी शटर उघडले तेव्हा पेट्या नीट लागलेल्या पाहिल्याही होत्या. पण त्या पाहून मला काही विचारावेसे वाटले नाही. त्या दिवशी ताप होता की नव्हता, हा प्रश्न मी आता सोडून दिला आहे.

१७.
तेव्हा मित्रहो, वेढ्याचे, तहाचे, शरणागतीचे कोणतेही चित्र पाहाल, तेव्हा मध्यभागी कोण आहे एवढ्यावर थांबू नका. कोण आलेच नाही, त्याच्या जागी कोणाला पाठवले, आणि कोणाला चौकटीत घेतलेच नाही, हे तीन प्रश्न विचारा. आपल्याकडच्या विजयाच्या चित्रांनाही हेच विचारा, तेथे हात आखडू नका. आणि तुमच्या घरात असा कोणी पाठवला गेलेला असेल, तर त्याची हकिकत एकदा ऐकून घ्या. ज्याने पाठवले तो अजून हयात असेल, तर त्याचीही.