टिटवी आणि माझा कॅमेरा

'बाई, पक्ष्यांचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घेऊ?' असं चौथीतल्या एका मुलानं विचारलं, आणि मला माझीच फजिती आठवली. आधी ती ऐका.

पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून मी पहिला कॅमेरा घेतला. काळा, जड, गळ्यात अडकवला की आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं! सोबत १८-५५ची लेन्स. तो आकडा कशाचा, हे विचारलंच नाही. 'चोवीस मेगापिक्सेल' ऐकूनच मी खूश. जळगावच्या मेहरूण तलावावर गेले. समोर बगळा, आणि फोटोत? ताटात तांदळाचा एक दाणा.

मग मी पक्ष्यांच्या जवळ जवळ जाऊ लागले. एप्रिलात धुळ्याला भावाकडे गेले होते. नकाणे तलावाकाठी टिटवीनं उघड्या खड्यांत चार अंडी घातली होती. मी दहा पावलांवर गेले, मग पाच. टिटवी उडाली, डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. मी आपली फोटो काढतेय! शेवटी वहिनीच म्हणाली, 'अहो ताई, तुमच्या डोक्यावर टोपी आहे. ती अंडी उन्हात भाजताहेत ना!'

टिटवी अशा उन्हात अंड्यांवर सावली धरते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते, अंड्यांना गारवा देते. आणि मी तिला हुसकून लावलं होतं. दुसऱ्या दिवशी लांबूनच पाहिलं, ती बसलेली होती. पिल्लं निघाली का, ते मला कळलं नाही.

म्हणून पक्ष्यांसाठी कॅमेरा घेताना मेगापिक्सेल नंतर, लेन्सचा आकडा आधी विचारा. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल, तर निदान ३००ची लेन्स हवी, आणि तिचे पैसे वेगळे. नाहीतर लेन्स अंगचीच असलेला, मोठ्या झूमचा कॅमेरा. निकॉनच्या २०१५ सालच्या पी-९००ला ८३ पट झूम होता! अशा कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र लहान, त्यामुळे संध्याकाळी फोटो रवाळ येतात. मी तसलाच एक जुना घेतलाय. रवाळ तर रवाळ, पण लांब उभं राहता येतं.

आपल्या खानदेशातला रानपिंगळा ठाऊक आहे ना? १८८४ साली त्याचा नमुना मिळाला होता, तो मारून, कातडं जपून ठेवलेला. नंतर एकशे तेरा वर्षं खात्रीची नोंदच नाही. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, तेव्हा शास्त्रज्ञांनी पुरावा म्हणून त्याचं चित्रण केलं. पिंगळा आपल्या झाडावरच राहिला.

त्या मुलाला मी म्हटलं, 'विकत नंतर घे, रविवारी माझा वापरून बघ.' आला. बगळ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तासभर पालथा पडून मुंगळे टिपत होता, तेही बाबांच्या फोनवर!