माझ्या वाटणीचं तेल

आमच्या घरात तेल लावणं हे माझं खातं. बाळांची टाळू भरायची मी, शाळेच्या घाईत लेकीच्या केसांना तेल चोपडून वेण्या घालायची मी, नरकचतुर्दशीला पहाटे एकेकाला उठवून पाटावर बसवायची तीही मीच. पाडव्याला नवऱ्याला तेल-उटणं लावण्याचा मान तर रीतीनंच बायकोकडे दिलेला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना आणि पोटऱ्यांना रोज नारायण तेल जिरवायचे. त्यांच्या कुठल्या खांद्याला हात लागला की त्या कण्हतात, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

त्या गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझी झोप उडाली. नाशिकची थंडी, कातडी ओढल्यासारखी, टाचांना भेगा, रात्री पायात गोळे. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, वात वाढलाय म्हणाल्या, औषध अगदी थोडं दिलं आणि वर सांगितलं, "रोज सकाळी अंगाला तेल लावा."

मी विचारलं, "कोणाच्या?"

त्या हसल्या. मी मात्र घरी येईपर्यंत त्या प्रश्नाचाच विचार करत होते.

अभ्यंग म्हणजे दिवाळीची पहाट, एवढीच माझी समजूत होती. वाग्भटानं अष्टांगहृदयात तो दिनचर्येत घातलाय. दात घासणं, व्यायाम, स्नान यांच्या रांगेत, रोजचा. सगळ्या अंगाला जमलं नाही तरी डोकं, कान आणि तळपाय यांना विसरू नये, असंही त्यानं बजावलंय. चरकानं त्यासाठी दिलेला दाखला मला फार आवडला: तेल दिलेला गाड्याचा आस जसा टिकतो, तसं अंग. बैलगाडीला वंगण घालणारा शेतकरी त्याला लाड म्हणत नाही.

वैद्यबाईंनी रीत सांगितली ती साधी. थंडीत तिळाचं तेल, उन्हाळ्यात खोबरेल. वाटी थेट गॅसवर ठेवायची नाही, गरम पाण्यात ठेवायची. हातापायांच्या लांब हाडांवर लांब हात फिरवायचा, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. मग पंधरा-वीस मिनिटं थांबून कोमट पाण्यानं आंघोळ, साबणाऐवजी मसुराचं पीठ. ताप असेल, अपचन झालं असेल किंवा नुकतंच जेवण झालं असेल तर तेल लावायचं नाही. बाथरूमच्या फरशीवर जुना पंचा अंथरायचा ही भर माझी; तेलकट तळव्यांनी घसरून हाड मोडलं तर वाग्भट धावून येणार नाही.

पण हात सवयीनं भराभर चालायचा. दुसऱ्याला तेल लावताना समोरचा माणूस सांगतो, इथे जरा दाब, इथे हळू. इथे सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा वैद्यबाईंनी सुश्रुताच्या टीकाकाराचा, डल्हणाचा हिशेब सांगितला. तेल केसांच्या मुळाशी पोचायला 300 मात्रा, त्वचेत 400, रक्तात 500, असं करत मज्जेपर्यंत 900. मात्रा म्हणजे ऱ्हस्व स्वर उच्चारायला लागतो तेवढा वेळ. तेल खरोखर हाडाच्या आतपर्यंत जातं, हे आजच्या शरीरशास्त्राला पटायचं नाही आणि मीही तसं मानत नाही. मला त्या आकड्यांतली सक्तीची सावकाशी हवी होती. माझं माहेर वारकऱ्यांचं. आकडे मोजण्याऐवजी मी 'रामकृष्णहरी' धरलं. एका नामाला एक हात, खांद्यापासून मनगटापर्यंत.

तेव्हा कुठे हाताला अंग कळायला लागलं. डावी पोटरी उजवीपेक्षा कडक आहे. मानेच्या बुडाशी एक गाठ आहे, ती काळजीच्या दिवसांत मोठी वाटते. लेकीच्या वेळच्या टाक्यांची रेष पोटावर अजून बधिर आहे. इतकी वर्षं आंघोळीत हात तिला टाळून पुढे जात होता. आता तिच्यावरही एक नाम म्हणते.

याला अध्यात्म म्हणावं का, असं मैत्रीण विचारते. मी तिला आमच्या देवघरातला बाळकृष्ण दाखवते. पूजेत त्याला पंचामृत होतं, मग सुगंधी तेल, मग कोमट पाण्याचं मांगलिक स्नान. पितळेच्या त्या बोटभर मूर्तीचं तेल पिठानं काढताना, ओल्या पाठीवरून वस्त्र फिरवताना घाई केलेली मला कधी आठवत नाही. आणि ज्या अंगानं ही पूजा घडते त्याच्या वाट्याला मात्र दोन तांबे पाणी, तेही कुकरच्या शिट्ट्या मोजत. देव देहात आहे हे कीर्तनात शेकडो वेळा ऐकलं होतं, मानही डोलावली होती. ऐकलेलं ते हातांनी करून बघणं, एवढंच माझं अध्यात्म.

गुण किती आला, हे सांगितलं पाहिजे. झोप लागते. टाचा बऱ्या आहेत. गुडघ्याची झीज होती तिथेच आहे, ती तेलानं भरून येत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले व्यायाम वेगळे करते. चिडचिड कमी झाली असं घरचे म्हणतात. त्यात तेलाचा वाटा किती आणि दार लावून बसलेल्या त्या अर्ध्या तासाचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

तो अर्धा तास मिळवणं हेच खरं तर अवघड गेलं. तेल कोणाला महाग वाटलं नाही, पण बंद दार सगळ्यांना खटकलं. डबा, चहा, मोजे कुठे आहेत, सगळं त्याच वेळी हवं असायचं. आता माहीत झालंय सगळ्यांना. लेकीची नोकरी, लोकल, लहान मूल. तिला अर्धा तास मिळणार नाही. ती बाळाला मालिश करते तेव्हा वाटीत थोडं तेल उरतंच. मी तिला सांगितलंय, ते बाटलीत परत ओतू नकोस, आधी स्वतःच्या तळपायांना लाव.