आपली टीम कोणती?

आम्ही शिरूर-दौंडकडची माणसं. गहुंज्याचं स्टेडियम आमच्याच जिल्ह्यातलं. पण तिथला संघ आपला म्हणावा, तोवर तो बदललेला असतो. पुणे वॉरियर्स २०१३ साली संपले. २०१६ साली सुपरजायंट्स आले, तर दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशाने उरलेले सामने राज्याबाहेर गेले. टँकरची वाट पाहणाऱ्या आम्हांला ते पटलं. पोरं मात्र हिरमुसली. २०१७ ला तोच संघ अंतिम सामना एका धावेने हरला आणि मिटला. २०१८ ला कावेरीच्या पाण्याच्या वादामुळे चेन्नईचा संघ इथे आला. एक पाण्यापायी गेला, दुसरा पाण्यापायी आला.

आमच्या उर्दू शाळेतली पोरं विचारतात, "सर, अपनी टीम कौनसी?" हाच प्रश्न आम्हांला बाहेर वेगळ्या सुरात विचारला जातो. पोरांना आम्ही सांगतो, मैदान आपल्या जिल्ह्यातलं आहे, ते आपलं. टीमचं नंतर बघू.