बुजलेल्या नळाची पट्टी

मार्चमध्ये आईचा लातूरहून फोन आला. "पाणीपट्टीची दोन बिलं आलीत गं. एक आपलं हाय, दुसरं त्या मागच्या खोल्यांचं. आकडा बघून जीव दडपला माझा." शनिवारी नांदेडहून सकाळच्या एसटीने निघाले आणि दुपारी तिच्या स्वयंपाकघरात दोन्ही कागद पुढ्यात घेऊन बसले.

मागच्या अंगणात वडिलांनी भाडेकरूंसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांना वेगळा अर्धा इंची नळ घेतला होता. पुढे खोल्या पाडल्या, फरशी टाकली, नळ फरशीखाली बुजला. नळ बंद करा असा अर्ज मात्र आमच्यापैकी कुणीच दिला नाही. त्या क्रमांकाचं बिल आलं की आई "ते लोक गेले" म्हणून परत पाठवायची. चूक सर्वस्वी आमची.

"त्या नळाचा एक थेंब नाही वापरला, मग पैसे कशाचे?" आईचा हा प्रश्न घेऊन मी सोमवारी महापालिकेच्या कार्यालयात गेले. तिथल्या वयस्कर कारकुनांनी नोंदवही उघडून शांतपणे सांगितलं, "ताई, मीटरच नाही, तर पाणी मोजणार कशानं? आम्ही नळ मोजतो." घरगुती, अर्धा इंची, वर्षाची ठरलेली रक्कम. घरात दोघं असोत नाहीतर बाराजण. थकबाकीवर कायद्याने महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. मूळ पट्टी फार नव्हतीच; आकडा फुगला होता तो शास्तीने.

आईचं समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, पाणी येतं आठ-दहा दिवसांनी, मग पट्टी वाढते कशी? मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून तिला पाटीवर मांडून दाखवावं तसं सांगायला बसले. लातूरला बारमाही नदी नाही. पाणी येतं ते धनेगावच्या मांजरा धरणातून, पंपाने चढवून. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर न्यायचं तर नुसत्या गणिताने पाव युनिटाहून जास्त वीज लागते. पंपात आणि नळात वाया जाणारी ऊर्जा धरली की त्याच्या दीडपट तरी धरावी. धरण आटत गेलं की पाण्याची पातळी खाली जाते आणि तेवढा चढ वाढतो. पाणी निम्मं झालं म्हणून जलवाहिनी आखूड होत नाही, पंपावरच्या माणसाचा पगार निम्मा होत नाही. धरणातल्या कच्च्या पाण्याचेही पैसे शहराला भरावे लागतात; 2005 च्या कायद्याने नेमलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण त्याचा दर ठरवतं आणि वेळोवेळी बदलतं. वर तुरटी, क्लोरीन. आणि वाटेत जे गळतं, ते चढवायलाही तेवढीच वीज जळालेली असते. तो खर्च पट्टी भरणाऱ्यांवरच येतो.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "अन् त्या रेल्वेच्या पाण्याचं?"

12 एप्रिल 2016, दुष्काळाचं वर्ष. मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मी तेव्हा सुट्टीत आईकडेच होते. गल्लीत टँकर आला की आम्ही दोघी घागरी, बादल्या, पिंपं घेऊन रांगेत. मे महिन्यात रेल्वेने लातूरच्या प्रशासनाला वाहतुकीचं बिल पाठवलं: 6.20 कोटी लिटरचे सुमारे 4 कोटी रुपये. प्रशासनाने विचारलं म्हणून आकडा कळवला, असा रेल्वेचा खुलासा आला. मी त्या रात्री कागदावर भागाकार केला होता. लिटरला 65 पैशांच्या आसपास, तेही नुसतं आणण्याचे. मलनिस्सारण असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर हा नियोजनाचा मापदंड आहे. त्या हिशोबाने पाच माणसांच्या घराला दिवसाचे सव्वाचारशे रुपयांहून अधिक. आमच्या घरच्या बिलात ते पैसे कधी आले नाहीत. पण पाण्याची खरी किंमत मला त्या भागाकारात पहिल्यांदा दिसली.

नांदेडचं माझं बिल वेगळ्याच वाटेने वाढलं. गोदावरी उशाशी, विष्णुपुरीचा जलाशय जवळ, 2008 च्या शीखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास भुयारी गटारांचं मोठं काम झालेलं. आम्ही वर दोन खोल्या चढवल्या आणि मलनिस्सारण कराचा आकडा वाढला. माणसं तेवढीच, पाणी तेवढंच. कारण हा कर घराच्या करयोग्य मूल्यावर टक्क्याने बसतो: वर्षाचं अपेक्षित भाडं, त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा. बोअरचं पाणी वापरलं तरी तो सुटत नाही, आणि ते मला पटतं. वापरलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के गटारातच जातं, मग ते नळाचं असो की बोअरचं. पटत नाही ते खोल्या मोजणं.

मला मीटर हवं आहे. गरजेपुरतं पाणी अगदी स्वस्त, त्यापुढे चढता दर. पण आठवड्यातून एकदा पाणी सुटलं की आधी नळातून हवा येते आणि मीटर हवेवरही फिरतं. शिवाय नवं पाणी आलं की भरलेलं "शिळं" पाणी आम्ही सगळेच अंगणात ओततो, तेही मोजलं जाईल. म्हणून आधी रोजचं पाणी, मग मीटर, हा क्रम मी कुणाशीही भांडून सांगेन.

थकबाकी भरली. नळ तोडण्याचा अर्ज दिला. प्लंबरने दोन फरशा उचलल्या, मातीत हात घालून नळ शोधला आणि बूच ठोकलं. बूच मारण्याआधी गंजलेल्या तोंडातून वाटीभर लाल पाणी आलं. आईने ते वाटीत धरून तुळशीला घातलं आणि पावती डब्यात ठेवली, 2016 च्या टँकरच्या चिठ्ठ्यांवर.