विकर्मांचा निकाल लागलाच नाही

अमिश त्रिपाठी यांच्या शिवकथेचं तिसरं, शेवटचं पुस्तक 'वायुपुत्रांची शपथ' गेल्या आठवड्यात वाचून संपवलं. सती मारली जाते, शिव पाशुपतास्त्राने देवगिरी बेचिराख करतो. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, मला राग आला. का, ते सांगतो.

२०१० साली आलेल्या पहिल्या पुस्तकात मेलुहाची राजकन्या सती 'विकर्म' आहे. मूल मेलेलं जन्मलं, त्याच दिवशी नवराही गेला. म्हणजे मागच्या जन्मीचं पाप! तिला शिवलं की शुद्धी. शिव तिच्या प्रेमात पडतो, विटाळ मानत नाही आणि तो कायदाच रद्द करायला लावतो. आमच्या रत्नागिरीत विटाळ हा शब्द पुस्तकातला नाही. माझ्या आजीच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. म्हणून ते प्रकरण मी दोनदा वाचलं.

पुढे काय होतं? दुसऱ्या पुस्तकात कळतं, सतीचं मूल जिवंत होतं. नाग म्हणून लपवलेलं. तिसऱ्यात कळतं, नागांचं व्यंग सोमरसामुळे, पापामुळे नव्हे. सगळे निर्दोष सुटले! पण मूल खरंच मेलेलं जन्मलं असतं, तर सती दोषी ठरली असती का? निर्दोष असल्याचा पुरावा दरवेळी आम्हीच का द्यायचा? तीन पुस्तकं दुष्टतेचा शोध चालतो आणि सापडतं काय, तर एक पेय. मागच्या जन्माचा हिशेब मांडणारी व्यवस्था पिंजऱ्यात उभी राहतच नाही.

मेलुहात मुलांची परीक्षा घेऊन वर्ण ठरवतात. आमच्या काही मित्रांना ही क्रांती वाटते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये आर्यसमाजींच्या गुणाधारित चातुर्वर्ण्याचा समाचार घेतला होता. माणूस गुणांनी ओळखायचा, तर ब्राह्मण-शूद्र ही लेबलं हवीत कशाला?

आणि कायदा जातो तो नीळकंठाच्या शब्दावर. शेजारच्या महाडला २० मार्च १९२७ रोजी आमची माणसं कुणा नीळकंठाची वाट बघत बसली नव्हती. स्वतः चालत तळ्यावर गेली, स्वतःच्या ओंजळीने पाणी प्यायली.

भाची तिन्ही पुस्तकं मागते आहे. देणार आहे, लपवणार नाही. सोबत 'जातिप्रथेचे विध्वंसन'ही देईन. प्रेमकथा तिने जरूर वाचावी. फक्त शेवटचं पान मिटताना विचारावं, बाकीच्या विकर्मांचं काय झालं?

जय भीम!